जुन्या गाडीला नव्या रिमोटची ओळख

फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातले मोटारींचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. जनरल मोटर्सने त्याआधीच, 2017च्या अखेरीस, इथली विक्री बंद केली होती. कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. एमपी-11 ही धारची पाटी, एमपी-41 देवासची. या पाट्या लावलेल्या आयकॉन, फिएस्टा, फ्यूजन, एव्हिओ माळव्याच्या रस्त्यांवर अजून भेटतात. शिवाय कंपनी जागेवर असली तरी जुने मॉडेल केव्हाच बंद झालेल्या होंडा सिटी, इंडिका आणि क्वालिस आहेतच. पंधरा वर्षांची नोंदणी संपली की तपासणी करून घ्यायची, आणखी पाच वर्षांची मुदत मिळवायची, आणि गाडी चालवत राहायची, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे.

अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असते, पत्राही धड असतो. आधी दगा देतो तो रिमोट. रबराचे बटण फाटते, खिशातून कपड्यांबरोबर धुण्यात जातो, लग्नाच्या गर्दीत हरवतो. बाजारात तसाच दिसणारा नवा मिळतो. पण तो घेऊन गाडीसमोर उभे राहून कितीही बटणे दाबली तरी गाडी ढिम्म हलत नाही. तिला त्याची ओळख नसते. ही ओळख पटवण्याला मिस्त्री ‘रिमोट मॅच करणे’ किंवा ‘कोडिंग’ म्हणतात. कंपनीच्या संगणकाशिवाय हे होणे नाही असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. कोणता रिमोट आपला आणि कोणता परका याची नोंद गाडीच्याच पोटात असते, आणि त्या नोंदीत भर घालण्याची वाट गाडी बनवणाऱ्यांनी मालकासाठी उघडी ठेवलेली असते. त्या वाटेमागचे गणित इतके देखणे आहे की ते गाडीवाल्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

धार ते देवास हे अंतर इंदूरमार्गे शंभरेक किलोमीटर. अठराव्या शतकात पवारांच्या गाद्या इथे बसल्या, एक धारला आणि देवासला दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांच्यामागोमाग आलेली मराठी घराणी इथलीच झाली. या दोन गावांमधला पट्टा आज गाड्यांचा पट्टा आहे. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत 1980च्या दशकात बजाज टेंपो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, आली. आयशरचे ट्रक तिथे बनू लागले. हिंदुस्थान मोटर्सने इसुझूच्या धर्तीची इंजिने तिथे घडवली. कायनेटिक होंडाही पीथमपूरचीच. किक न मारता नुसत्या बटणावर वाहन सुरू होते, हा अनुभव कितीतरी मराठी घरांना पहिल्यांदा त्या स्कूटरने दिला. देवासला गजरा गिअर्सने गाड्यांचे दातेरी भाग बनवले. आणि पीथमपूरजवळच नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथल्या 11.3 किलोमीटर लांबीच्या अतिवेगाच्या ट्रॅकचे उद्घाटन 29 जून 2021 रोजी तेव्हाचे अवजड उद्योग मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले. गाडी खोलून पुन्हा जोडणाऱ्या हातांची या भागात वाण नाही. गिअरबॉक्स उतरवून चढवणारा मिस्त्री रिमोटपुढे मात्र थबकतो, कारण रिमोट खोलला तरी आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

दुरून दार उघडणारी पहिली मोटार म्हणून फ्रान्सच्या रेनॉ कंपनीच्या 1982च्या फुएगो गाडीचे नाव घेतले जाते. पॉल लिपशुट्झ या संशोधकाची ती युक्ती. तो रिमोट आजच्या टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांवर चाले, त्यामुळे नेमका रोखून धरावा लागे. पुढे रेडिओलहरी आल्या आणि खिशातूनसुद्धा दार उघडू लागले.

रेडिओने सोय केली तशी चोराचीही केली. सुरुवातीच्या रिमोटमध्ये एक ठरलेला आकडा असे आणि बटण दाबले की तोच हवेत जाई. स्वस्तातल्या संचांत आठ बारीक स्विचांची पट्टी असे. आठ स्विचांचे वर-खाली मिळून प्रकार होतात 256. एवढे सगळे आकडे एकापाठोपाठ पाठवून बघणारे यंत्र बनवायला मोठी अक्कल लागत नाही. त्याहून सोपे म्हणजे पार्किंगमध्ये रेडिओ घेऊन बसायचे, मालकाने पाठवलेला आकडा टिपून ठेवायचा आणि तो गेल्यावर तसाच्या तसा ऐकवायचा. गाडीला फरक कळायला काही मार्गच नव्हता. फार जुन्या गाड्यांत बाहेरून बसवलेल्या काही ‘सेंटर लॉक’ संचांत आजही ही पद्धत आहे. अशा रिमोटची नक्कल बाजारातला कोणीही करून देतो. ती इतकी सहज होते, हीच धोक्याची खूण.

यावर तोडगा निघाला दक्षिण आफ्रिकेत. 1980च्या दशकाच्या मध्यात प्रिटोरियाचे गिडियन कून यांनी रचलेल्या एका सांकेतिक पद्धतीवर नॅनोटेक या कंपनीने ‘कीलॉक’ हे तंत्र उभे केले. 1995 मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ते एक कोटी डॉलरहून जास्त किंमत देऊन विकत घेतले, आणि मग ते जगभरच्या असंख्य गाड्यांच्या आणि फाटकांच्या रिमोटमध्ये शिरले. या तंत्राची मूळ कल्पना अशी: एकदा पाठवलेला आकडा पुन्हा कधी पाठवायचा नाही. दर वेळी नवा आकडा, आणि तो पुढचा कोणता हे फक्त दोघांनाच ठाऊक, रिमोटला आणि गाडीला. दोघांमध्ये तार नाही, इंटरनेट नाही, घड्याळही नाही. मग दोघांना एकच आकडा कसा सुचतो?

रिमोटच्या चिपमध्ये तीन गोष्टी साठवलेल्या असतात. पहिली, त्याचा स्वतःचा अनुक्रमांक. मायक्रोचिपच्या प्रसिद्ध चिपांत तो 28 बिटांचा असतो, म्हणजे सुमारे 26 कोटी 84 लाख वेगवेगळे रिमोट होऊ शकतात. दुसरी गोष्ट एक गणक. बटण दाबले की तो एकाने पुढे सरकतो. तिसरी, आणि सर्वांत मोलाची, 64 बिटांची गुप्त किल्ली. ती कधीही हवेत जात नाही. 64 बिटांचे प्रकार किती होतात हे समजायला बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवावी. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात चार, असे 64 घरांपर्यंत मांडत गेले की राजाचे कोठार रिकामे होते. शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या त्या सगळ्या दाण्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त, वीस आकडी, आहे.

बटण दाबताच गणकाची ताजी संख्या, बटणाची खूण वगैरे मिळून 32 बिटांचा तुकडा तयार होतो. गुप्त किल्लीच्या आधारे तो 528 वेळा घुसळला जातो. गणक एकानेच पुढे गेलेला असला तरी घुसळून निघालेला तुकडा मागच्याशी काहीही नाते न सांगणारा दिसतो. या तुकड्यामागे उघडा अनुक्रमांक आणि बटण कोणते ते सांगणारे काही बिट जोडले की एकूण 66 बिटांचा निरोप होतो. तो हवेत जायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. गाडी अनुक्रमांक वाचते, आपल्या नोंदीतून त्या रिमोटची किल्ली काढते, तुकडा उलगडते आणि आतली गणकाची संख्या आपल्या लक्षात असलेल्या शेवटच्या संख्येशी ताडून बघते. पुढची असेल तर दार उघडते आणि ती नवी संख्या टिपून ठेवते. मागची असेल तर गप्प राहते. चोराने टिपून ठेवलेला कालचा निरोप आज मागचा ठरतो, म्हणून वाया जातो.

इथे एक अडचण आहे आणि तिच्यावरचा उपाय मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटतो. गाडी धारला उभी आहे आणि रिमोट देवासला आजीच्या हातात आहे. नातवाने तो घेतला आणि दुपारभर बटणे दाबली. रिमोटचा गणक पन्नास-शंभराने पुढे गेला. गाडीने यातले काहीच ऐकले नाही. आता दोघांचा मेळ कसा बसायचा? कीलॉकच्या रचनेत गाडी पुढच्या 16 संख्यांपर्यंत कोणतीही संख्या तत्काळ मान्य करते. 16च्या पुढे, पण 32 हजारांच्या आसपासच्या मर्यादेत असलेली संख्या आली तर ती दार उघडत नाही, पण संख्या ध्यानात ठेवते. लगोलग दुसऱ्यांदा बटण दाबले आणि आलेली संख्या त्याच्या बरोबर पुढची निघाली, तर तिची खात्री पटते, दार उघडते आणि मेळ पुन्हा बसतो. उरलेल्या अर्ध्या संख्या मागच्या समजल्या जातात आणि त्यांना प्रवेश नाही. बरेच दिवस न वापरलेला दुसरा रिमोट पहिल्या दाबाला साथ देत नाही आणि दुसऱ्याला देतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तो बिघडलेला नसतो. त्यावर पैसे घालवण्याआधी दोनदा बटण दाबून बघावे.

गणक 16 बिटांचा, म्हणजे 65,536 संख्यांचा. दिवसाला दहा वेळा बटण दाबले तर हा फेरा पुरा व्हायला जवळजवळ अठरा वर्षे लागतात. मग तो शून्यावर येऊन पुन्हा चालू लागतो, आणि मागचे-पुढचे ठरवण्याची मोजणी चक्राकार असल्यामुळे गाडीला त्याची अडचण होत नाही. या संख्या रिमोटमध्येही आणि गाडीतही वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत लिहिलेल्या असतात. त्यामुळे साधारणपणे रिमोटचा सेल बदलला किंवा गाडीची बॅटरी काढून ठेवली तरी ओळख टिकते. काही थोड्या मॉडेलांनाच सेल बदलल्यावर पुन्हा मेळ बसवून द्यावा लागतो.

आता नव्या रिमोटकडे. ‘कोडिंग’ म्हटले की रिमोटमध्ये काहीतरी भरले जाते असे वाटते. या पद्धतीत रिमोट जसाच्या तसा राहतो; शिकते ती गाडी. शिकण्याच्या अवस्थेत नेलेली गाडी काही सेकंद कान उघडे ठेवते. त्या वेळात नव्या रिमोटचे बटण दाबले की ती अनुक्रमांक ऐकते. गाडीच्या चिपमध्ये कारखान्यातच एक मुख्य किल्ली घातलेली असते. ती आणि हा अनुक्रमांक यांच्या गणितातून त्या रिमोटची खासगी किल्ली गाडी स्वतः काढते. मग त्या किल्लीने निरोप उलगडून बघते. अर्थ बरोबर लागला तर रिमोट त्याच घराण्यातला, आणि लागला नाही तर परका. बऱ्याच यंत्रणा खात्रीसाठी दुसऱ्यांदा बटण दाबायला लावतात आणि दोन संख्या लागोपाठच्या आहेत ना ते बघतात. जमले की अनुक्रमांक, किल्ली आणि गणक तिन्ही नोंदवले जातात. नवा रिमोट गाडीचा विश्वासू होतो तो इतक्या थोड्या वेळात.

दिसायला सारखा पण दुसऱ्या कंपनीच्या मुख्य किल्लीचा रिमोट कधीच का लागत नाही, त्याचेही उत्तर यातच आहे. आणि काही कंपन्यांचे रिमोट एकदा एका गाडीशी बांधले गेले की दुसऱ्या गाडीला लागत नाहीत. जुन्या बाजारातला रिमोट घेताना हे विचारून घ्यावे.

गाडीला शिकण्याच्या अवस्थेत न्यायचे कसे? इथे मंत्रतंत्र वाटावेत असे विधी सुरू होतात. फोर्डच्या फिएस्टा-फ्यूजनच्या पिढीतल्या अनेक गाड्यांत चावी पहिल्या खाचेतून दुसऱ्या खाचेत सहा सेकंदांच्या आत चार वेळा फिरवायची आणि मग बंद करायची. गाडी टण्ण असा आवाज देते. त्यापुढच्या दहा सेकंदांत रिमोटचे कोणतेही बटण दाबायचे. पुन्हा आवाज आला की काम झाले. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशन चालू करायचे, रिमोटचे बटण दाबायचे, इग्निशन बंद करायचे, हे अगदी थोड्या सेकंदांच्या अंतराने तीन वेळा. चौथ्या वेळी इग्निशन चालूच ठेवून बटण दाबले की चारही दारांचे लॉक खटखट वाजून कबुली देतात, आणि मग घरातला प्रत्येक रिमोट एकेकदा दाबायचा. टोयोटाच्या अनेक जुन्या गाड्यांत आधी चावी आणि दाराची ठरावीक उघडझाप करायची असते आणि नंतर इग्निशन किती वेळा फिरवले यावर हुकूम ठरतो. एकदा म्हणजे नवा रिमोट जुन्यांत मिळव. दोनदा म्हणजे जुने सगळे पुसून नव्याने लिही. तीनदा फिरवले तर गाडी आपल्याकडे किती रिमोट नोंदलेले आहेत ते लॉक तितक्या वेळा वाजवून मोजून दाखवते. चारदा म्हणजे सगळ्यांना बंदी. पुष्कळ मॉडेलांची नेमकी रीत त्यांच्या हस्तपुस्तिकेत असते. पुस्तिका हरवली असेल तर आधी ती मिळवावी. अंदाजाने चावी फिरवत बसू नये.

मारुती 800, झेन, इंडिका यांसारख्या गाड्यांत सेंटर लॉक पुष्कळदा दुकानातून बसवून घेतलेले असे. नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांनी हे संच खेड्यापाड्यांपर्यंत पोचवले. त्यांत डॅशबोर्डखाली दडवलेली डबी असते आणि तिला जोडलेले एक छोटे बटण असते. इग्निशन चालू करून ते ठरावीक वेळा दाबले की भोंगा किंवा इंडिकेटर उत्तर देतो. डबीवर कंपनीचे नाव आणि मॉडेल छापलेले असते. रिमोट शोधायचा तो गाडीचे नाव सांगून नव्हे, त्या डबीचे नाव सांगून. एवढे ठाऊक नसल्यामुळे लोक भलताच रिमोट घरी आणतात.

हे विधी विचित्र वाटतात, पण त्यांत मोठा विचार आहे. त्या काळच्या गाडीला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. तिच्याशी बोलायला होते ते इग्निशन, दारातली खटकी आणि लॉकचे बटण. रचनाकारांनी त्यांचीच लिपी केली. सहा सेकंदांत चार वेळा चावी कोणी सहज फिरवत नाही, म्हणून चुकून काही घडायची भीती नाही. आणि मुख्य म्हणजे यातली कोणतीही रीत खरी चावी हातात असल्याशिवाय सुरूच होत नाही. ज्याच्याकडे चावी आहे, जो गाडीत बसला आहे, त्यालाच नवा रिमोट जोडण्याचा अधिकार. कंपनीला विचारावे लागत नाही. कंपनी देश सोडून गेली तरी हा अधिकार मालकाकडे राहतो. या गाड्या ज्यांनी रचल्या त्यांचे यासाठी आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. पुढच्या काळात अनेक कंपन्यांनी ही वाट बंद केली. आता पायाशी असलेल्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर जोडल्याशिवाय काम होत नाही, आणि स्कॅनरला कंपनीची परवानगी लागते.

एका गोष्टीची गल्लत फार होते. दार उघडणे आणि इंजिन सुरू होणे या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ज्या गाड्यांत इमोबिलायझर आहे, त्यांच्या चावीच्या मुठीत काचेची नळी किंवा काळी वडी असते. मिस्त्री तिला ‘चिप’ म्हणतात. तिला सेल नसतो. चावी खाचेत घातली की भोवतीचे वेटोळे 125 किंवा 134.2 किलोहर्ट्झचे क्षेत्र तयार करते, त्याच्यातूनच ती वीज घेते आणि गाडीच्या प्रश्नाला उत्तर देते. उत्तर चुकले तर इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. रिमोट नोंदवला म्हणजे ही चिप नोंदवली गेली असे नाही. तिची नोंद निराळी, आणि तिला बहुधा स्कॅनर लागतो. मुठीचे प्लास्टिक फुटले म्हणून नवे कवच घेताना जुन्या कवचातली ही चिप काढून नव्यात बसवावी लागते. ती जुन्या कवचाबरोबर कचऱ्यात गेली तर दार रिमोटने झकास उघडेल आणि गाडी मात्र जागची हलणार नाही. कवच बदलताना सगळे भाग पांढऱ्या कपड्यावर मांडून ठेवायचे, आणि गाडी एकदा सुरू होईपर्यंत जुने काहीही टाकायचे नाही, एवढे पाळले की पुरे.

नवा रिमोट घेण्याआधी जुना खरोखर मेला आहे का ते बघावे. सेल बहुधा सीआर 2032 असतो: 20 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा. बाहेरून बसवलेल्या संचांत बारा व्होल्टचा बारीक लांबट सेलही असतो. रबरी बटणाच्या मागे कार्बनचा काळा ठिपका असतो. तो झिजला किंवा पावसाळ्यात सर्किटवर हिरवट थर धरला तर रिमोट बंद पडल्यासारखा वाटतो, आणि दोष थराचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसल्यावर पुन्हा बोलू लागतो. गाडीच्या आतल्या बटणाने चारही दारे बंद-उघड होतात का तेही तपासावे. होत नसतील तर दोष रिमोटचा नाही.

विकत घेताना रेडिओची वारंवारता बघणे फार महत्त्वाचे. युरोपप्रमाणे भारतातल्या बहुतेक गाड्यांचे रिमोट 433.92 मेगाहर्ट्झवर बोलतात; अमेरिका आणि जपानच्या बाजारांतले 315वर. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे. आत सर्किटवर क्वार्ट्झच्या चकतीचा धातूचा छोटा डबा असतो, त्यावर बहुधा 433 किंवा 315 लिहिलेले असते. परदेशातून मागवलेला स्वस्त रिमोट कितीही वेळा विधी केला तरी लागत नाही, त्याचे कारण अनेकदा या आकड्यात असते. गाडीचा रेडिओ ज्या वारंवारतेला कान देऊन बसला आहे, तिथे रिमोट बोलतच नसतो.

आता या तंत्राच्या मर्मस्थानाकडे, म्हणजे गुप्ततेकडे. धारेचा राजा भोज, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, त्याच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी तो 1924-25 मध्ये दोन खंडांत छापून प्रसिद्ध केला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांची वर्णने आहेत. त्यांत माणसाच्या आकाराच्या लाकडी बाहुल्या आहेत, आणि दारावर शस्त्र घेऊन उभा राहणारा, बाहेरच्याला आत न सोडणारा यांत्रिक द्वारपालही आहे. याच अध्यायात भोज सांगतो की यंत्रांची जोडणी इथे दिलेली नाही ती ठाऊक नाही म्हणून नव्हे, गुप्त राहावी म्हणून. राखणदाराची रचना लपवली की राखण पक्की, ही समजूत पुढे आठशे वर्षांहून अधिक काळ जगभर टिकली. 1883 मध्ये पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी सांकेतिक लेखनाबद्दल नेमके उलटे मत मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली.

कीलॉकच्या मालकांनी भोजाची वाट धरली. घुसळण्याची रीत बरीच वर्षे गुप्त ठेवली गेली. 2006च्या सुमारास ती बाहेर आली आणि लगेच जगभरच्या गणितज्ञांनी तिच्यातल्या कच्च्या जागा शोधल्या. 2008 मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी तर आकडेमोडीचे डोंगर न उपसताच तिला गाठले. चिप हिशेब करत असताना ती किती वीज खाते त्यात बारीक चढउतार होतात. ते मोजून त्यांनी गाडीच्या बाजूच्या यंत्रातून कंपनीची मुख्य किल्लीच काढली. ती हाती आली की हवेतले दोन निरोप ऐकून रिमोटची नक्कल करता येते. 2015 मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने दाखवलेली युक्ती याहून साधी होती: मालकाचा निरोप गाडीपर्यंत पोचू द्यायचा नाही, पण टिपून ठेवायचा, मालक पुन्हा बटण दाबतो तेव्हा दुसराही टिपायचा आणि पहिला गाडीला ऐकवायचा. दार उघडते, मालक निश्चिंत होतो, आणि न वापरलेला दुसरा निरोप चोराकडे शिल्लक राहतो. त्याच्या यंत्राला सुमारे 32 डॉलर खर्च आला होता.

हे वाचून जुन्या गाडीचा रिमोट टाकून द्यायला निघू नये. असा हल्ला करायला गाडीजवळ योग्य वेळी, योग्य यंत्र घेऊन असावे लागते. साध्या ठरलेल्या आकड्याच्या रिमोटपेक्षा बदलत्या आकड्याचा रिमोट आजही कितीतरी भक्कम आहे. एवढे मात्र करावे: रिमोटने पहिल्या दाबाला साथ दिली नाही आणि दुसऱ्याला दिली, असे अनोळखी पार्किंगमध्ये अचानक घडू लागले, तर तिथे लोखंडी चावीनेच दार बंद करावे. गाडीत किमती वस्तू ठेवून जाऊ नये, हे तर नेहमीचेच.

रिमोट हरवला असेल तर नवा नुसता जोडून थांबू नये. नोंदीत जुनाही अजून आपला म्हणूनच लिहिलेला असतो, आणि तो ज्याला सापडला त्याला गाडी दार उघडून देते. फोर्ड आणि होंडाच्या वर सांगितलेल्या रीतींत नव्याने नोंद सुरू करताच आधीची पुसली जाते. म्हणून त्या वेळी घरातले सगळे रिमोट हाताशी ठेवून एकाच बैठकीत सगळे नोंदवावे लागतात, नाहीतर कपाटातला धडधाकट रिमोट बाद होतो. टोयोटात पुसून लिहिण्याचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. दुकानातून बसवलेल्या अनेक संचांत चारच जागा असतात आणि पाचवा आला की सर्वांत जुना आपोआप बाहेर जातो. म्हणून उरलेल्या रिमोटची पुन्हा पुन्हा नोंद करून हरवलेल्याला हुसकावता येते. विधी करताना काच खाली करून ठेवावी आणि दुसरी चावी बाहेरच्या माणसाच्या हातात द्यावी, कारण मधेच लॉक पडून चावी आत राहण्याचे प्रसंग घडतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही पहिल्याच आठवड्यात हे करावे. आधीच्या मालकाने किती रिमोट नोंदवले होते, त्यांतला एखादा कोणत्या जुन्या ड्रायव्हरकडे राहिला आहे, हे कागदपत्रांत कुठेच लिहिलेले नसते. गाडीच्या नोंदीत मात्र असते. व्यवहार करताना दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या भरपाई देण्याआधी सहसा दोन्ही चाव्या जमा करायला सांगतात. एक हरवलेली असेल तर ती हरवली तेव्हाच पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि नव्या चावीचे बिल उपयोगी पडते. हे दोन कागद आरसीबुकाच्या छायाप्रतीबरोबर घरी ठेवावेत, गाडीच्या खणात नकोत.